रिकाम्या ओटीची शुश्रूषा

बुऱ्हाणपूरचे नाव निघाले की मुमताज महलची आठवण निघतेच. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात तिने येथे प्राण सोडला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम दफन केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचे शव आग्र्याकडे नेले. एवढे तर आमच्या वर्गातील मुलेही धडाधड सांगतात. तिच्या चौदा अपत्यांपैकी सातच वाढली, उरलेली सात लहानपणीच गेली, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. आईच्या मृत्यूवर संगमरवर चढला. त्या सात वेळा रिकाम्या झालेल्या ओटीविषयी इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात आम्ही एक ओळही शिकविलेली नाही.

महोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु आमच्या फोपनारात लग्नाची, बारशाची, अकीक्याची बातमी घरोघर जाते. पोट पडल्याची बातमी मात्र भिंतीआड राहते. संस्थेच्या कुटुंबांत असे एकही घर नसेल की जेथे हे कधी घडले नाही. दिवस राहिल्याचे कळल्यानंतरही शंभरांत दहा ते पंधरा गर्भ पहिल्या काही महिन्यांत टिकत नाहीत, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा ही कोणा एकीची कर्मकथा नव्हे.

आपल्या जुन्या वैद्यांनी या बाबतीत बारकाई दाखविली होती. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात जातो तो गर्भपात, असा भेद त्यांनी केला. आजच्या सरकारी नोंदीत २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेले मूल ‘मृतजन्म’ म्हणून लिहिले जाते. आईच्या मनात मात्र असे आठवडे आखलेले नसतात. तिसऱ्या महिन्यात गेले तरी तिने त्याच्यासाठी झबले मनात शिवलेले असते.

कारण काय, हा पहिला प्रश्न. उत्तर घरात शोधले जाते आणि ते बहुधा सुनेपाशी सापडते. ती पपई खाऊन बसली, ग्रहणात बाहेर आली, भरली कळशी उचलली, कोणाची नजर लागली. आम्ही विज्ञान शिकविणारे. म्हणून स्पष्ट लिहितो. आरंभीच्या महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतील निदान अर्ध्यांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ती चूक गर्भ राहतानाच झालेली असते. आईच्या खाण्याने ती होत नाही आणि कोणाच्या सेवेने सुधारत नाही. पुढच्या महिन्यांतील कारणे निराळी आहेत. रक्तदाब, मधुमेह, हिवताप, रक्तक्षय, वारेचे दोष, गर्भाशयाच्या तोंडाची दुर्बलता. यांतील पुष्कळशी तपासणीत वेळीच सापडतात, म्हणूनच ती तपासणी चुकवू नये.

अंगावर जाऊ लागले व कळा येऊ लागल्या तर घरी वाट पाहत बसू नये. चक्कर, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर तर एक क्षणही दवडू नये. १०८ वर गाडी मागवावी. दवाखान्यात तीन मार्ग असतात. निसर्गावर सोडून देखरेख ठेवणे, गोळ्या देणे, अथवा पिशवी साफ करणे. कोणता मार्ग का निवडला हे त्या बाईस तिच्या भाषेत सांगितले पाहिजे. नवऱ्यास सांगून सही घेतली म्हणजे तिला कळले असे होत नाही. रक्तगट ‘निगेटिव्ह’ असेल तर विशिष्ट इंजेक्शन लागेल का, हे विचारावे. लागत असेल तर ते ७२ तासांच्या आत मिळणे इष्ट असते.

आता औषधापलीकडील शुश्रूषा, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. मृत बाळाला जन्म देणारीला पुष्कळदा बाळंतिणींच्याच दालनात खाट मिळते. डावीकडे पेढे वाटले जात आहेत, उजवीकडे बाळ रडत आहे, आणि मध्ये ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. आमच्या नात्यातील एका मुलीस असेच दोन रात्री ठेवले होते. तिने पुढे एवढेच सांगितले की, दुखण्यापेक्षा ते रडणे जास्त लागत होते. एक खाट कोपऱ्यात सरकविणे, मध्ये एक पडदा टाकणे याला सरकारी मंजुरी लागत नाही. तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला. कोणीही आधी सांगितले नव्हते. उशिराच्या महिन्यांत गेलेल्या बाळामागे दूध येते, छाती दाटते, व ते थांबविण्यास डॉक्टरांपाशी उपाय असतो, हे घरी पाठविण्यापूर्वी परिचारिकेने सांगावयास दोन मिनिटे पुरतात.

बाळ आईला दाखवू नये, ती वेडी होईल, अशी समजूत आहे. पाश्चात्य रुग्णालयांतही पूर्वी मृत बाळ झाकून लगेच नेत असत. १९७० नंतरच्या काळात ती रीत बदलत गेली. आता आईस विचारतात. पाहावयाचे असेल तर स्वच्छ दुपट्यात गुंडाळून हाती देतात. नको असेल तर आग्रह करीत नाहीत. विचारणे हीच त्यातील मुख्य गोष्ट होय.

मातेच्या दुःखातून वैद्यक निघते याचा दाखला मराठीत आहेच. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. उपचाराअभावी त्यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. तेथून त्यांची वाट फिलाडेल्फियापर्यंत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या पुण्यास वारल्या. शंभर वर्षांनंतर, १९८९ मध्ये, गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या शंभरांत आठच होत्या. बायका सहन करतात म्हणजे त्यांना दुखत नाही, हा हिशेब किती खोटा आहे ते यावरून दिसते.

मनाचेही तसेच. लंडन येथील डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, गर्भ लवकर गेलेल्या शंभरांत २९ स्त्रियांत महिन्यानंतर मानसिक आघाताची लक्षणे आढळली. नऊ महिन्यांनंतरही १८ जणींत ती होती. झोपेतून दचकणे, दवाखान्याचा रस्ता टाळणे, दुसऱ्याचे मूल घेताना हात कापणे, ही ती लक्षणे. याला आपल्याकडे ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा लावतात.

‘पुन्हा होईल, रडू नकोस’ हे वाक्य बोलणारा चांगल्याच भावनेने बोलतो. परंतु जे गेले ते कोणीच नव्हते, असा त्याचा अर्थ ऐकणारीस लागतो. पैगंबरसाहेबांनी आपला तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा अश्रू ढाळले होते. मग आमच्या लेकींनी का आवरावे? नवऱ्याचे तर कोणी विचारीतच नाही. तो बागेत केळीचे घड उतरवीत असतो, आणि संध्याकाळी घरी येण्यास उशीर करतो. न्यूझीलंडात २०२१ पासून अशा प्रसंगी पतीसही तीन दिवसांची पगारी रजा मिळते. आपल्याकडे १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने नोकरदार स्त्रीस सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. केळीच्या बागेत रोजाने जाणारीला ती कोण देणार? तिच्या घरच्यांनीच द्यावी लागेल.

दफनाविषयी थोडे. चार महिने पूर्ण झालेल्या बाळाचे नाव, स्नान, कफन यांविषयी मौलवीसाहेबांस विचारावे. शेजारच्या हिंदू घरांतही तान्ह्या बाळास मातीच देतात. कुटुंबाची इच्छा असेल तर देह मागून घ्यावा आणि पित्याने कोठे ठेवला ते आईला सांगावे. पुष्कळ आयांना आयुष्यभर ती जागा ठाऊक नसते. मृतजन्माची नोंद २१ दिवसांत करून कागद जपून ठेवावा; पुढील खेपेस डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

विश्वस्तांस आमची मागणी लहान आहे. संस्थेच्या स्त्रीसभासदांपैकी दोन-तीन समंजस बायांनी, जातपात न पाहता, अशा मुलीसोबत दवाखान्यात जाण्याची तयारी दाखवावी, आणि घरी आल्यावर चाळीस दिवसांत दोनदा तरी तिच्याकडे चक्कर मारावी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणुकीवर भर आहे, तेव्हा सोबतीण आत हवी असे नम्रपणे सांगता येते. मन फारच खचले तर १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. मुली घरी उतरवून नेतात.