शायर प्रांताची माहिती : भूगोल, इतिहास व बोध

आज आम्ही ज्या प्रांताचा भूगोल व इतिहास सांगणार आहों, तो पृथ्वीच्या कोणत्याहि नकाशांत सांपडावयाचा नाहीं. त्याचें नांव शायर. ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक असलेले इंग्रज ग्रंथकार जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांनीं तो कल्पनेनें वसविला, आणि 'द हॉबिट' (१९३७) व 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. जादूगार, मंतरलेली अंगठी, राजांचीं युद्धें अशी मोठी कथा त्या ग्रंथांत आहे. तिच्याशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. काल्पनिक प्रांताची माहिती शेतीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ग्रंथकारांनीं आपल्या प्रांताची शीव, माती, पिकें, सनद, कारभार व दुष्काळाचीं सालें इतक्या बारकाईनें दिलीं आहेत कीं, एखाद्या जिल्ह्याचें गॅझेटियर वाचीत असल्याचा भास व्हावा. शिवाय हा प्रांत एकदां शेतकऱ्यांच्या हातून गेला व त्यांनींच तो परत मिळविला. ती हकीकत आपल्यापैकीं प्रत्येकानें ऐकावी अशी आहे.

स्थान व विस्तार

शायरच्या रहिवाशांस हॉबिट म्हणतात. हे लोक दोन ते चार फूट उंचीचे, अनवाणी चालणारे, टेकड्यांच्या पोटांत गोल दारांचीं घरें करून राहणारे, आणि मिळेल तर दिवसांतून सहा वेळां जेवणारे. त्यांचा प्रांत पश्चिमेच्या टेकड्यांपासून पूर्वेस ब्रँडीवाइन नदीच्या पुलापर्यंत ४० लीग, म्हणजे १२० मैल, आणि उत्तरेच्या माळरानापासून दक्षिणेच्या दलदलीपर्यंत ५० लीग, म्हणजे १५० मैल पसरलेला आहे. त्याचे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण असे चार भाग असून प्रत्येकास फार्दिंग म्हणतात. फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा; आपण भाकरीच्या चौथ्या हिश्श्यास चतकोर म्हणतों, तसेंच. पूर्व, पश्चिम व दक्षिण या तीन फार्दिंगांच्या शिवा जेथें मिळतात, तेथें हमरस्त्याजवळ एक शिवेचा दगड उभा आहे. तोच प्रांताचा मध्य मानितात.

जमीन व पिकें

उत्तर भागांत जव उत्तम होतो, व त्याची बीअर करितात. दक्षिण भागांत तंबाखूचे व द्राक्षांचे मळे आहेत. तंबाखूची पहिली खरी लागवड टोबोल्ड हॉर्नब्लोअर या गृहस्थानें लाँगबॉटम येथें शायर शकाच्या सुमारें १०७० सालीं केली. रोप कोठून आणलें, हें मात्र त्यानें मरेपर्यंत कोणास सांगितलें नाहीं. बागाईतदारांचा हा स्वभाव तेथेंहि आहे. पूर्वेस नदीकांठीं सखल व पाणथळ जमीन आहे. तेथील शेतकऱ्यांनीं पाणी काढून देण्यास चर खोदले आहेत, शेतांस कुंपणें व फाटकें आहेत, आणि मॅगट नांवाच्या शेतकऱ्याकडील सलगम व अळंबी प्रसिद्ध आहेत. पश्चिम भागांत हॉबिटन गांव असून तेथील माळी लोक कंदमुळांत, विशेषतः बटाट्यांत, वाकबगार आहेत.

यंत्रांविषयीं या लोकांचें धोरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लोहाराचा भाता, पाणचक्की व हातमाग यांहून गुंतागुंतीचें यंत्र त्यांस आवडत नाहीं. परंतु साधीं अवजारें वापरण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाहीं.

वसाहत व सनद

हॉबिट तेथील मूळचे नव्हेत. मार्को व ब्लँको हे दोघे भाऊ पुष्कळ लोकांसह पूर्वेकडील ब्री गांवाहून निघाले, आणि तृतीय युगाच्या १६०१ व्या वर्षीं ब्रँडीवाइन उतरून आले. तेंच शायर शकाचें पहिलें वर्ष. ही जमीन उजाड पडलेली असली तरी नापीक नव्हती. पूर्वीं तेथें राजाचीं स्वतःचीं शेतें, द्राक्षमळे व राखीव रानें होतीं. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर ती खालसा जमीन होती. कसणारे नाहींसे झाल्यामुळें पडीक राहिली. दुसरा आर्गेलेब नांवाच्या राजानें ती हॉबिटांस दिली.

सनदेच्या अटी तीनच होत्या. मोठा पूल व इतर सर्व पूल आणि रस्ते दुरुस्त ठेवावे. राजाच्या जासुदांस सत्वर पुढें पोंचवावें. आणि राजाची सत्ता मान्य करावी. धान्याचा किंवा रोकड साऱ्याचा उल्लेख नाहीं. जन्मभर साऱ्याचे हिशेब लिहिलेल्या आमच्यासारख्या माणसास ही सनद पाहून मौज वाटली. परंतु विचार करितां असें दिसतें कीं, राजानें जें मागितलें तें हलकें नव्हे. रस्ता दरसाल दुरुस्त करणें हें एकट्यादुकट्याचें काम नाहीं. त्यास गांव एकत्र यावें लागतें. पुढें ३७० वर्षांहून थोड्या अधिक काळानें राजवंश बुडाला. तथापि लोकांनीं राजाचे कायदे आपखुषीनें पाळले, आणि त्याच्या जागीं ३७९ सालीं थेन नांवाचा मुख्य नेमिला.

कारभार

शायरमध्यें सरकार म्हणण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. दर सात वर्षांनीं उन्हाळ्याच्या मध्यास भरणाऱ्या जत्रेंत एक नगराध्यक्ष निवडीत. टपाल व पहारा हीं दोन खातीं त्याच्याकडे असत, पण मेजवान्यांस अध्यक्ष होणें हेंच त्याचें मुख्य काम. साऱ्या प्रांतास अंतर्गत पोलिस बारा, म्हणजे प्रत्येक भागास तीन. आणि त्यांचा वेळ माणसांपेक्षां चुकलेल्या गुराढोरांच्या मागें अधिक जाई. कोंडवाडा सांभाळणारे, असेंच म्हणाना.

या सुखांत एक उणीव होती. प्रांताच्या शिवेबाहेर रानांत फिरणारे कांहीं लोक, जुन्या राजवंशाचे वंशज, अहोरात्र त्याचें रक्षण करीत होते, आणि हॉबिटांस त्याची दादहि नव्हती. आपली शांतता आपोआपच चालते, असा त्यांचा समज झाला होता.

पूर्वींचीं संकटें

शक ३७ मध्यें मोठी सांथ आली. ११४७ सालीं उत्तरेकडून ऑर्क नांवाच्या दुष्ट टोळ्या चालून आल्या, त्यांस लढाईंत परतविलें. ११५८ ते ११६० या सालांत लांबलेला हिंवाळा व त्यामागून दुष्काळ येऊन हजारों लोक मृत्यु पावले. त्या वेळीं गॅन्डाल्फ नांवाचा भटका जादूगार मदतीस धांवला. १३११ च्या हिंवाळ्यांत ब्रँडीवाइन गोठली आणि पांढरे लांडगे बर्फावरून आंत शिरले. या प्रत्येक संकटांत माणसें गेलीं, परंतु जमीन कसणाऱ्याकडेच राहिली, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां सुबत्ता आली.

ज्या संकटांत जमीन हातची गेली, तें यांहून निराळ्या जातीचें होतें.

१४१८-१९ चा अनर्थ

लोथो सॅकव्हिल-बॅगिन्स हा शायरमधीलच एक सधन हॉबिट. दक्षिण भागांत वडिलांची बरीच मिळकत त्यास मिळाली होती. त्यानें प्रथम उत्तम तंबाखू गुपचूप प्रांताबाहेर पाठविण्यास आरंभ केला. मग गिरण्या घेतल्या, खाणावळी घेतल्या, शेतें घेतलीं, तंबाखूचे मळे घेतले. एवढा पैसा कोठून येतो, हें कोणास कळेना. आणि वेळेवर कोणी विचारलेंहि नाहीं. १४१८ च्या अखेरीस मालानें भरलेल्या गाड्यांच्या रांगा दक्षिणेकडे जाऊं लागल्या, आणि ऐन हिंवाळ्याच्या तोंडावर प्रांतांत टंचाई दिसूं लागली. गाड्यांबरोबर परके दांडगे आले व राहिले. नगराध्यक्ष जाब विचारावयास निघाले, त्यांस वाटेंतच धरून कोठडींत घातलें.

मग गोळा करणारे व वांटणारे म्हणून लोक नेमिले गेले. ते घरोघर फिरून धान्य मोजीत, यादी करीत व कोठारांत नेत. गोळा करण्याचें काम नेमानें होई. वांटण्याचें मात्र क्वचितच. बारा पोलिसांचे शेंकडों झाले, आणि चुकलेलीं गुरें शोधण्याऐवजीं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांस धरूं लागले. हॉबिटनची जुनी पाणचक्की पाडून तिच्या जागीं चाकांनीं भरलेली मोठी गिरणी उभारली. परंतु दळावयास धान्य होतें तेवढेंच होतें. गिरणी मोठी केल्यानें पीक वाढत नाहीं. पुढें लोथोच्याहि वर शार्की नांवाचा एक धनी येऊन बसला. मग तिच्यांत दळण मुळींच होईना. ती नुसता धूर ओकूं लागली, आणि तिच्या घाणीनें खालचा सारा ओढा नासला. रस्त्यांवरील झाडें विनाकारण तोडलीं गेलीं. लोथोचाहि शेवटीं शार्कीच्याच माणसाकडून खून झाला.

येथें आम्हांस थोडें स्वतःविषयीं लिहिलें पाहिजे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पीकपाहणीचे तक्ते भरले, फेरफाराच्या नोंदी केल्या. मोजणाऱ्या व यादी करणाऱ्या लोकांचें तें वर्णन वाचतांना आमची मान खालीं गेली. शेत विकलें जातें, त्या दिवशीं गांवांत कांहींच पालटत नाहीं. तेंच शेत, तोच बांध, पुष्कळदां नांगर धरणाराहि तोच. केवळ सातबाऱ्यावरील एक ओळ बदलते. एका नांवावर अशा किती ओळी जमल्या, हें कारकुनास दिसतें, गांवास दिसत नाहीं. एका गांवांत असें एकच नांव आम्हांस वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां लिहावें लागलें. प्रत्येक व्यवहार कायदेशीर होता. आम्हीं तें नांव सुवाच्य अक्षरांत लिहिलें, आणि चावडींत समोर बसलेल्या माणसांस एका शब्दानेंहि कांहीं सांगितलें नाहीं.

पुनरुद्धार

परदेशीं गेलेले चार हॉबिट १४१९ च्या ऑक्टोबरअखेर परत आले व त्यांनीं शिंग फुंकून गांवें जागीं केलीं. नोव्हेंबरच्या ३ तारखेस बायवॉटर येथें लढाई झाली. सुमारें सत्तर दांडगे पडले. हॉबिटांचे एकोणीस मेले व तीसजण जखमी झाले. पुढें शोध घेतां कोठारांतून, भुयारांतून व जुन्या खाणींतून धान्याचे व मद्याचे एवढे सांठे निघाले कीं, त्या हिंवाळ्याचा सण चांगला साजरा झाला. माल प्रांतांतच होता आणि लोक उपाशी होते!

फ्रोडो हा कांहीं महिने हंगामी नगराध्यक्ष झाला. त्यानें एकच गोष्ट केली: पोलिसांची संख्या व कामें पूर्ववत् केलीं. दांडग्यांच्या इमारती पाडून त्यांच्या विटा घरांच्या दुरुस्तीस लाविल्या. सॅम गॅम्जी या माळ्यास परदेशच्या एका राणीनें आपल्या बागेची चिमूटचिमूट करून पुरेल एवढी माती दिली होती. ती त्यानें आपल्याच बागेंत घातली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु जेथें जेथें चांगलें झाड तोडलें होतें, तेथें तेथें त्यानें रोप लाविलें व प्रत्येकाच्या मुळाशीं त्या मातीचा एकेक कण घातला. उरलेली माती शिवेच्या दगडापाशीं जाऊन वाऱ्यावर सोडिली, म्हणजे ती सर्व प्रांतास मिळावी. १४२० सालीं ऊन व पाऊस वेळच्या वेळीं झाले. उत्तरेच्या जवाचें पीक असें आलें कीं, त्या सालच्या बीअरचें नांव पुढें बरींच वर्षें निघत असे. १४२७ सालीं सॅम नगराध्यक्ष झाला आणि लागोपाठ सात वेळां निवडून आला.

या कल्पनेचें मूळ

टॉल्किन १८९६ ते १९०० पर्यंत, लहानपणीं, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यांत राहिले. तेथें एक पाणचक्की होती. शायरची लढाई म्हणजे युद्धोत्तर इंग्लंडचें रूपक नव्हे, असें त्यांनीं ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत स्पष्ट केलें आहे. आपण दहा वर्षांचे होण्यापूर्वींच आपल्या बालपणचा मुलूख नासूं लागला होता, असें मात्र ते तेथें सांगतात. पुढें तें खेडें शहरांत मिसळून गेलें. पाणचक्की आज संग्रहालय म्हणून जतन केली आहे. तेव्हां प्रांत काल्पनिक असला तरी त्यामागील हळहळ काल्पनिक नाहीं.

बोध

थंडी, सांथ, लांडगे व दुष्काळ यांनीं शायर गेला नाहीं. तो एकेका खरेदीनें गेला. आणि गाड्या कोठें जातात हें वेळीं न विचारल्यानें गेला. म्हणून आमची सभासदांस विनंती इतकीच. वर्षांतून एकदां तरी आपला सातबारा स्वतः वाचावा, आणि वाचतां येत नसेल त्या शेजाऱ्यास वाचून दाखवावा. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, ती दुसऱ्याची म्हणून सोडून देऊं नये. मोजणी वाईट नव्हे. परंतु आपल्या मालाचें माप आपल्या संघाच्या कांट्यावर व आपल्या डोळ्यांदेखत व्हावें. रस्ता व ओढा हीं सर्वांचीं आहेत, त्यांची दुरुस्ती सर्वांनीं मिळून करावी. आणि ज्याच्या बांधावरचें झाड गेलें असेल, त्यानें येत्या पावसाळ्यांत तेथें एक रोप लावावें.

नोकरींत असतां जें बोलावयास पाहिजे होतें तें आम्ही बोललों नाहीं. तें आतां या पानांवर बोलत आहों. कोणास आपला उतारा समजून घ्यावयाचा असेल, त्यानें संघाच्या बैठकीच्या दिवशीं तो बरोबर आणावा. आम्ही चष्मा घेऊन बसलेले असूं.