पुस्तकातील आई आणि पडद्यावरील आई

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथून कोकणचा समुद्र फार दूर. उमरीच्या शिवारात काळी माती आहे, कापूस आणि ज्वारी आहे. नारळी-पोफळीच्या बागा नाहीत. तरीही येथील एखादी मुलगी ‘श्यामची आई’ हे पुस्तक उघडते, तेव्हा श्यामचे गाव तिला परके वाटत नाही. पुस्तकात विहीर आली की तिच्या मनात आपल्या मळ्यातली विहीर उभी राहते. चूल आली की घरची चूल दिसते. आईचा चेहरा तर तिला कोणाकडून उसना घ्यावा लागत नाही. लेखकाने शब्द दिलेले असतात; चित्र काढण्याचे काम वाचकाचे असते.

पुढे तीच मुलगी त्या पुस्तकावरचा चित्रपट पाहते. तेथे आईला आधीच एक चेहरा आहे, आवाज आहे, चालण्याची रीत आहे. मुलगी मनात म्हणते, “ही ती आई नव्हे!” मग खरी आई कोणती? पुस्तकातली की पडद्यावरची? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दोन्ही कृती कशा जन्मल्या, हे पाहणे योग्य होईल.

साने गुरुजींचा जन्म 1899 साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्यामुळे त्यांना वारंवार कारावास भोगावा लागला. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमात राहणारा श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत.

1950 साली गुरुजी निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, 1953 साली, आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. आईची भूमिका वनमालाबाईंनी केली, लहान श्यामची भूमिका माधव वझे यांनी केली आणि संगीत वसंत देसाई यांनी दिले. भारत सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्यास आरंभ केला, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक 1954 साली याच चित्रपटाला मिळाले.

आता दोहोंची तुलना करू. बेचाळीस रात्रींची ही कथा सुमारे अडीच तासांत सांगायची, ही काही सोपी गोष्ट नव्हे. वाचक आपल्या गतीने चालतो. डोळे भरून आले तर तो पुस्तक मिटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. चित्रपटगृहातील चित्रपट मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून दिग्दर्शकाला निवड करावीच लागते. काही प्रसंग घ्यावे लागतात, काही सोडावे लागतात. ‘अमका प्रसंग गाळला’ एवढ्यावरून चित्रपटाला नावे ठेवणे न्याय्य होणार नाही. जे ठेवले, त्यात पुस्तकाचा प्राण उतरला की नाही, हे पाहिले पाहिजे.

काही गोष्टी शब्दांना सहज साधतात. पुस्तकात अळणी भाजीचा एक प्रसंग आहे. आई एके दिवशी भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पहिला घास घेतात, त्यांना ते कळते. पण ते अक्षर न बोलता जेवतात. ते बोलत नाहीत, म्हणून मुलेही बोलत नाहीत. सर्वांची जेवणे झाल्यावर आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला आपली चूक उमगते आणि तिचा जीव हळहळतो. बाईने राबून केलेल्या स्वयंपाकाला नाव ठेवायचे नाही, ही वडिलांची थोरवी. आणि आपल्या हातून कमी पडले म्हणून दुःखी होणे, ही आईची थोरवी. पडद्यावर मीठ दिसत नाही आणि चवही दिसत नाही. असा प्रसंग पडद्यावर आणायचा झाला, तर नटाच्या चेहऱ्यावरची एखादी क्षणिक रेषा एवढेच साधन हाती उरते. लेखकाला मात्र ‘भाजी अळणी होती’ हे सांगायला एक वाक्य पुरते.

उलट, काही गोष्टी पडद्याला अधिक साधतात. न्हाऊ घातल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये, म्हणून लहान श्याम हट्ट धरतो. आई आपल्या लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते आणि श्याम त्यावर पाय ठेवतो. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनालाही जप, ही आईची शिकवण या प्रसंगातून येते. पुस्तकात या आठवणीच्या मागे मोठ्या झालेल्या श्यामचे चिंतन आहे. हा प्रसंग चित्रपटातही आहे. तेथे प्रेक्षक ते ओले लुगडे आणि त्यावरची चिमुकली पावले डोळ्यांनी पाहतो. चिंतन सांगावे लागत नाही; ते पाहणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होते.

मूळ कथेत बदल केला तर चित्रपट बिघडतोच, असेही नाही. बंगाली लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी 1929 साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील अपू आणि दुर्गा ही भावंडे आगगाडीचा रस्ता पाहायला दूरवर जातात. पण वाट चुकतात आणि गाडी न पाहताच परततात. 1955 साली सत्यजित राय यांनी चित्रपट काढला, तेव्हा अपू काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत जाऊन ती गाडी पाहतो. घटना बदलली, परंतु खेड्यातील मुलांची दूरच्या जगाविषयीची ओढ तीच राहिली. उमरीच्या स्थानकावरून जाणाऱ्या गाडीची शिट्टी रोज ऐकणाऱ्या मुलांना ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

चित्रपटाचा आणखी एक उपकार विसरता येणार नाही. 1951 च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर माणसांमागे अवघी अठरा माणसे साक्षर होती. स्त्रियांत तर हे प्रमाण शंभरांत नऊच्या आसपास होते. गुरुजींनी आईची थोरवी लिहिली. पण असंख्य आयांना ते पुस्तक वाचता येत नव्हते. त्यांच्यापर्यंत श्यामची आई पोचली ती पडद्यावरून.

2023 साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा एक चित्रपट काढला. प्रत्येक पिढी आपल्या दृष्टीने पुस्तक वाचते आणि आपला चित्रपट काढते. चित्रपट हे एका वाचकाने केलेले वाचन होय. तो वाचक कितीही थोर असला, तरी त्याचे वाचन आपल्या वाचनाच्या जागी ठेवता येत नाही. म्हणून चित्रपट अवश्य पाहावा. पण तो पाहिला म्हणून पुस्तक न वाचणे म्हणजे आपले चित्र दुसऱ्याला काढू देणे होय. साधेल तेव्हा पुस्तक आधी वाचावे, हे उत्तम.

उमरीच्या त्या मुलीच्या घरी निरक्षर आजी असेल, तर तिला ही गोष्ट अधिक चांगली कळेल. आजीने लहानपणी जत्रेतल्या तंबूत चित्रपट पाहिलेला. नातीने पुस्तक वाचलेले. रात्री नात मोठ्याने वाचते आणि आजी ऐकते. आजीच्या मनातील आईला वनमालाबाईंचा चेहरा असतो; नातीच्या मनातील आईला तिच्या स्वतःच्या आईचा. भाजी मात्र दोघींनाही अळणीच लागते आणि डोळे दोघींचेही भरून येतात.

शब्दार्थ
अळणी – मीठ नसलेले. ओचा – नेसलेल्या लुगड्याचा पुढे खोचलेला भाग. निवर्तणे – मरण पावणे. काश – नदीकाठी वाढणारे, पांढऱ्या तुऱ्यांचे उंच गवत.

स्वाध्याय
1. ‘चित्र काढण्याचे काम वाचकाचे असते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
2. अळणी भाजीचा प्रसंग पडद्यावर दाखवणे कठीण का आहे?
3. ‘पथेर पांचाली’ या चित्रपटात कोणता बदल केला आहे? काय कायम राहिले आहे?
4. वाचता न येणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला एक गोष्ट वाचून दाखवा. ऐकताना त्यांच्या मनात कोणते चित्र उभे राहिले, ते विचारून दहा ओळींत लिहा.