कर्करोगाचे आकडे आणि आपले शहर

कोणत्या गावात कर्करोग जास्त, हे नुसत्या रुग्णसंख्येवरून ठरत नाही. म्हातारी माणसे जिथे जास्त, तिथे रुग्णही जास्त. म्हणून वयाचा फरक वगळून दर लाखामागे प्रमाण काढतात. (गणिताच्या तासाला हे करून पाहावे.)

अशी नोंद भारतात प्रथम १९६३ साली मुंबईत सुरू झाली. खेड्यांसाठी १९८७ साली बार्शीला. मुंबईत स्त्रियांमध्ये पूर्वी गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. तो घटत गेला, स्तनाचा वाढत गेला. उशिरा बाळंतपण, कमी मुले, वाढते वजन ही त्याची काही कारणे.

आणि आपले हैदराबाद? २०२० च्या राष्ट्रीय अहवालात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्व नोंदणी केंद्रांत इथेच सर्वाधिक होते, लाख स्त्रियांमागे ४८.

आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ असलेल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

पालकसभेत हा विषय काढला की माता-भगिनी संकोचतात. पुढील सभेस आम्ही स्त्री-डॉक्टरांना बोलावत आहोत. आजींनाही आणावे.