आधी कॅसेट उघडून बघा

जुन्या व्हिडिओ गेमसाठी नवं, भारी मशीन घ्यायचं खूळ डोक्यात शिरलेला कोणी भेटला, की मी मशीनबद्दल बोलतच नाही. घरात कॅसेट्स कुठल्या आहेत, एवढंच विचारतो. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: माळ्यावर पिवळ्या कॅसेट्सचा डबा आहे, '६४ इन १' वगैरे. मग सांगावं लागतं, बाबा रे, अमेरिकेहून दोनशे डॉलरचं सुपर एनटी मागवलंस तरी यातली एकही त्यात बसणार नाही.

नव्वदीत आपल्याकडे जे टीव्ही गेम मिळायचे, ते बहुतेक जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटला ६० पिना. तेच मशीन अमेरिकेत एनईएस म्हणून गेलं तेव्हा पिना ७२ झाल्या. ॲनालॉग कंपनीच्या एनटी मिनी या मशीनला दोन्ही खाचा होत्या, पण ते साडेचारशे डॉलरचं, आणि केव्हाच बंद झालेलं. त्याच कंपनीचं सुपर एनटी २०१८ साली १९० डॉलरला निघालं. माझं मशीन भाचा अमेरिकेहून येताना घेऊन आला. ते फक्त एनईएसनंतरच्या सुपर निन्टेंडोच्या कॅसेट्स घेतं, मग त्या अमेरिकी असोत की जपानी. खोक्यात कंट्रोलर नसतो, तो वेगळा घ्यायचा.

मशीन मात्र चोख. रेट्रॉन ५सारखी मशीनं कॅसेटमधला गेम आधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतात आणि सॉफ्टवेअरच्या जोरावर ती प्रत चालवतात. सुपर एनटीमध्ये एफपीजीए नावाची चिप आहे. तिच्या आतली जोडणी जुन्या मशीनच्या सर्किटसारखी वागेल अशी करता येते, आणि गेम थेट कॅसेटमधून वाचला जातो. म्हणून चित्र स्वच्छ, आवाज जसाच्या तसा, बटण दाबलं की त्याच क्षणी उडी. पण याच कारणाने कॅसेटमध्ये काही खोट असेल तर तीही जशीच्या तशी समोर येते.

मला ती 'क्रोनो ट्रिगर'ने दाखवली. हा १९९५चा गेम, तासन्‌तास चालणारा. सेव्ह केल्याशिवाय पुरा होणं अशक्य. भाच्याने तिकडच्याच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला होता. "मामा, लेबल बघ, काल छापल्यासारखं आहे!" तो खूश, मीही खूश. गेम झकास चालला. शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी आलो आणि एका रविवारी मशीन चालू केलं तर सगळे सेव्ह गायब.

या कॅसेट्स साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडत नाहीत. ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. स्वस्त असतो, मशीनबरोबरच मागवून ठेवा. उघडून पाहिलं तर आत बोटभर नवा बोर्ड, त्यावर डांबराच्या थेंबासारखे दोन काळे ठिपके, आणि बटन सेल चक्क चिकटपट्टीने डकवलेला. अस्सल बोर्डावर निन्टेंडोचं नाव, साल आणि एसएचव्हीसीने सुरू होणारा नंबर छापलेला असतो, चिपा पायांसकट दिसतात आणि सेल पट्ट्यांनी पक्का जोडलेला असतो. नकली बोर्डात आणखी एक घोळ असतो. मूळ मशीन ५ व्होल्टचं. नकला करणारे ३.३ व्होल्टची चिप मध्ये काहीही न घालता सरळ त्यावर जोडतात. चिप तापते ती तापतेच, मशीनवरही ताण येतो. तेव्हा विक्रेत्याकडे उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या, किंमत कितीही गोड असो. तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटचं लेबल कोरं करकरीत असेल तर मला आता आनंद होत नाही.

अस्सल कॅसेटमधला सेलही अमर नाही. सीआर२०३२ असतो, काहींचे अजून तग धरून आहेत, पण कुठला कधी मान टाकेल सांगता येत नाही. मोबाइल दुरुस्तीवाला पट्ट्या लावलेला नवा सेल सोल्डर करून देतो. फक्त जुना काढताक्षणी सेव्ह पुसले जातात, तेव्हा आधी कॅसेट वाचणाऱ्या कार्ट रीडरने ते संगणकावर उतरवून घ्या. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण थुंकीचा ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली कापूसकाडी, बास.

ही मशीनं नेहमी दुकानात हजर नसतात. बॅच येते, संपते. ॲनालॉगच्याच पॉकेट या मशीनचं बुकिंग ऑगस्ट २०२०मध्ये झालं आणि हातात पडलं डिसेंबर २०२१मध्ये. मधल्या काळात दुप्पट भावाने विकणारे उगवतातच. त्यांच्याकडून घेऊ नका, थांबा. कुरिअरने मागवलंत तर कस्टम ड्यूटी आधीच हिशेबात धरा, नाहीतर दारात आलेल्या माणसाशी उगाच वाद होतो.

एकही कॅसेट नसेल, तर माझ्या मते हे मशीन घेऊच नये. लॅपटॉपवरच्या एमुलेटरवर हौस भागते.

राहिली बंदूक. बदकं मारायची ती. नव्या टीव्हीवर ती चालत नाही, कितीही महागडं मशीन लावा. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तेवढ्या वेळात तो टिपतो. एलसीडीवर चौकोन उशिरा येतो, सगळे नेम फुकट. त्यासाठी ट्यूबचा टीव्हीच हवा. माझ्या मेव्हण्याकडे एक आहे, पण त्यावर त्याने मनीप्लँट ठेवलाय आणि तो हलवायला त्याची बायको तयार नाही.