शेतांतील युरिया आणि समुद्रांतील वनस्पती

लोहाऱ्याच्या कापूसशेतीचा समुद्राशीं काय संबंध, असें बालवाचकांस वाटेल. परंतु आमच्या जिल्ह्याचें पाणी वर्धा व पैनगंगा या नद्यांवाटे प्राणहितेस, मग गोदावरीस आणि अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगतात. त्यांस वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांवर लहान जीव आणि त्या जीवांवर मासे जगतात. या वनस्पतींस नत्र हवा. तो नायट्रेटासारख्या क्षारांतून मिळतो, तसाच जीवांच्या उत्सर्गांतून व कुजण्यांतून पाण्यांत उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांतूनही मिळतो. युरिया हें असेंच एक द्रव्य. कित्येक प्लवक तो जसाच्या तसा शोषून घेतात. इतर कांहीं द्रव्यें मात्र आधीं जीवाणूंनीं फोडावीं लागतात.

आम्ही शेतांत टाकतों त्या युरियांतही शेंकडा ४६ भाग नत्रच असतो. त्यांतील पुष्कळसा मातींत रूप पालटतो. पण मुसळधार पावसापूर्वीं टाकल्यास कांहीं भाग ओढ्यास जातो. नत्र मर्यादेबाहेर वाढला कीं किनाऱ्याजवळ प्लवक बेसुमार माजतात, मरून कुजतात, आणि त्या कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायू खर्ची पडून मासे गुदमरतात.

म्हणून आभाळ पाहून, मोजकेंच खत द्यावें. त्यांत घरचा पैसा वांचतो आणि दूरच्या मच्छीमाराचा घासही.