ऑपरेशनचा गाऊन : फेकायचा की धुवायचा?

सरकारी रुग्णालयात ऑपरेशनसाठी धुतलेले हिरवे कपडे वापरलेले पाहिले, की आपल्यापैकी काहींना वाटते, "गरिबांना वापरलेलेच देतात." हा समज आपण तपासून पाहू.

डॉक्टर-नर्स ऑपरेशनच्या वेळी घालतात ते गाऊन दोन प्रकारचे असतात. एकदाच वापरून फेकायचा गाऊन बहुधा प्लास्टिकच्या धाग्यांपासून केलेला असतो. पुन्हा वापरायचा चांगला गाऊन दाट विणीच्या पॉलिस्टरचा असतो आणि तो कितीतरी वेळा धुऊन वापरता येतो. जुन्या साध्या सुती गाऊनमधून मात्र रक्त लवकर आरपार जाते. म्हणून कापड कोणते, हे महत्त्वाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशनला दोन्ही प्रकारचे गाऊन चालतात. अट एकच, गाऊन निर्जंतुक हवा. त्यासाठी तो गरम पाण्यात साबणाने धुतात, वाळवतात, उजेडासमोर धरून भोके पाहतात, घडी करून बांधतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे 121 अंशांच्या दाबाच्या वाफेत ठेवतात. गाठोड्यावरच्या पट्टीचा रंग बदलला, की वाफ लागल्याचे कळते. यातली एक पायरी चुकली तरी गाऊन धोक्याचा ठरतो.

मग एवढी खटपट कशाला? कारण फेकलेला गाऊन नाहीसा होत नाही. रक्त लागलेला कचरा पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातो, आणि अशा भट्टीचा धूर शेजारच्या वस्तीला सोसावा लागतो. मुंबईत गोवंडीचे रहिवासी अशाच भट्टीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, धुण्याचा खर्च धरूनही, पुन्हा वापरायच्या गाऊनला 64 टक्के कमी ऊर्जा लागली आणि कचरा 84 टक्के कमी झाला.

पण धुणारे हात कुणाचे? आया, वॉर्डबॉय, सफाई आणि धुलाई कामगार आपल्याच घरांतले आहेत. कपड्यांच्या ढिगात राहिलेली एक सुई कावीळ देऊ शकते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, हातमोजे-बूट आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी मिळालीच पाहिजे. कंत्राटी कामगारही यात आले.

म्हणून लक्षात ठेवू :

- धुतलेला गाऊन पाहून घाबरू नये. शंका असेल तर सिस्टरांना "निर्जंतुक केला आहे ना?" असे नम्रपणे विचारावे.
- खासगी रुग्णालयाच्या बिलात डिस्पोजेबल किटचे पैसे लावले असतील, तर त्यात काय काय होते ते विचारावे.
- घरातले कुणी रुग्णालयात हे काम करत असेल, तर लस घेतली का, हे आजच विचारावे.
- सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये आणि लगेच डॉक्टरांना कळवावे.

धुतलेल्या गाऊनमुळे रुग्णाची सुरक्षा कमी होत नाही. मात्र तो धुणाराही तितकाच सुरक्षित असला पाहिजे.