जुळ्या मोटरींची होडी पाण्यात सोडण्याआधी

रिमोटवरची होडी म्हटलं की लोकांना जत्रेतलं खेळणं आठवतं. दोन ब्रशलेस मोटरींची वेगवान होडी हे प्रकरण निराळं आहे. प्रत्येक मोटरीने सत्तर अँपिअर ओढले आणि भाराखाली बॅटरीचा दाब चौदा व्होल्टवर टिकला, तर एका बाजूला हजार वॉटच्या आसपास जातात आणि दोन्ही मिळून दोन किलोवॉट होतात. म्हणजे अडीच एचपीच्या वर. भोर-वेल्ह्याकडे नदीकाठचा शेतकरी तीन एचपीची मोटर टाकून पाणी उचलतो. जवळपास तेवढी ताकद इथे फायबरच्या मीटरभर सांगाड्यात कोंबलेली असते. घरातल्या गीझरचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो, इथे एकेका वायरीतून त्याच्या चौपट करंट धावतो. भाटघर धरणाच्या पाण्यावर जे झालं त्याचं मूळ याच आकड्यांत आहे.

माझ्या मित्राने एक जुळ्या मोटरींची कॅटामरान जुनी, वापरलेली विकत घेतली. दोन्ही बाजूंना ३६६० आकाराच्या मोटरी, दोन ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारे कंट्रोलर), प्रत्येकाला स्वतंत्र ४एस, म्हणजे चार सेलचा, लिपो पॅक. वायरिंग आधीच्या मालकाचं, वरून बघायला एकदम टापटीप. नोव्हेंबरातली सकाळ होती, धरण भरलेलं, वारा अजून सुटला नव्हता. पहिल्या फेरीला होडीने मागे पाण्याचा असा पिसारा उडवला की काठावरची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. परतीच्या वेळी मात्र सरळ धावता धावता ती डावीकडे ओढली गेली, डावं पोट पाण्यात रुतलं आणि क्षणात उलटी झाली. बुडाच्या फटीतून धूर निघायला लागला.

जाळी काढायला निघालेले एक मामा होडकं घेऊन तिकडे गेले. "आत कायतरी जळतंय बगा दादा," ते ओरडले. "मामा, हात नका लावू, दोरीनं ओढत आणा," आम्ही काठावरून सांगत राहिलो. तापलेला लिपो कधी पेट घेईल याचा भरवसा नसतो, म्हणून काठावर आणल्यावरही झाकण लगेच उघडलं नाही. लांब मोकळ्या मातीवर ठेवली, धूर थांबून बराच वेळ गेल्यावर मग उघडली.

डाव्या ईएससीचा एक कोपरा काळा ठिक्कर पडला होता. तिथले कपॅसिटर डोक्याकडून फुटलेले, त्यांतून तपकिरी द्रव ओघळून वाळलेला, आणि हीट-श्रिंक सोललं तर आतलं सोल्डर वितळून मण्यांसारखं जमलेलं. उजवी बाजू ठणठणीत. मोटर तीच, प्रॉप तोच, ईएससी त्याच कंपनीचा. मग एकच बाजू का जळाली? वायरी मोजल्यावर उत्तर मिळालं. तोल साधण्यासाठी डावा पॅक पुढे सरकवलेला होता आणि त्याच्या वायरी वीतभर जोड देऊन वाढवल्या होत्या. उजवीकडे जेमतेम चार बोटं वायर होती.

नवख्यांना इथेच सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. ईएससी मोटरीला करंट सलग देत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत देतो. बॅटरीच्या वायरीला स्वतःचं इंडक्टन्स असतं. वायर लांबली की ते वाढतं. करंट तुटला की दर वेळी दाबाचा झटका उठतो आणि तो गिळायचं काम ईएससीच्या तोंडावरच्या कपॅसिटरांना करावं लागतं. वायर जितकी लांब, तितके ते तापतात आणि शेवटी फुटतात. त्यांच्यामागोमाग मॉस्फेट जातात. म्हणून जागेची अडचण असेल तर ईएससी आणि मोटर यांच्यातल्या तीन वायरी वाढवा, बॅटरीकडच्या दोन वाढवू नका. नाइलाजच असेल तर ईएससीच्या अगदी जवळ कमी ईएसआरचे जास्तीचे कपॅसिटर जोडा. ४एसला भरल्या बॅटरीचे १६.८ व्होल्ट येतात, तेव्हा ते निदान ३५ व्होल्टचे हवेत.

एका मोटरीच्या होडीत चूक झाली तर होडी नुसती थांबते. जुळ्या होडीत एक बाजू बसली की दुसरी तिला गरकन फिरवते. डावी बंद पडली तर उजव्या बाजूचा जोर नाक डावीकडे वळवतो, आणि पूर्ण वेगात ते वळण म्हणजे पलटीच. त्यामुळे माझं ठाम मत झालंय की जुळ्या होडीत ताकदीच्या आधी समानता बघावी. वायरीची लांबी, जाडी, कनेक्टर, पॅकचं वय, सगळं दोन्हीकडे सारखं हवं.

स्वतंत्र पॅकची पद्धतही याच कारणासाठी मला पटत नाही. दोन पॅक कधीच अगदी सारखे उतरत नाहीत. एक आधी उतरतो, त्याचा ईएससी लो-व्होल्टेज कटऑफला जातो, दुसरा धावतच राहतो. पॅक आपापल्या ईएससीजवळच ठेवावेत, पण दोन्हींचे प्लस एकमेकांना आणि मायनस एकमेकांना जाड सिलिकॉन वायरीने जोडून घ्यावेत, म्हणजे दोन्ही ईएससींना एकच दाब दिसतो आणि दोन्ही पॅक बरोबर उतरतात. मात्र जोडण्याआधी मीटर लावा. सेलची संख्या सारखी, क्षमता सारखी आणि एकूण दाबातला फरक ०.१ व्होल्टच्या आत असेल तरच जोडायचं. एक भरलेला आणि एक अर्धा असे पॅक जोडले, तर भरलेला दुसऱ्यात इतक्या जोराने रिकामा होतो की कनेक्टर हातातच तापतो. आणि प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर बोलायलाच नको. म्हणून वायरींचे रंग पाळा आणि झोप अनावर झालेली असताना सोल्डरिंगला बसू नका.

रिसीव्हरकडे जाणाऱ्या बारीक वायरींचीही एक गोम आहे. दोन्ही ईएससींमध्ये बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारं सर्किट) असेल तर दोन्ही एकाच रिसीव्हरला वीज देऊ पाहतात आणि एकमेकांशी भांडतात. एका प्लगमधली लाल वायर सुईने उचलून बाहेर काढा, तिच्यावर टेप गुंडाळा. काळी आणि सिग्नलची तशीच राहू द्या. दोन्ही ईएससींचं थ्रॉटल कॅलिब्रेशन एकाच बैठकीत करा, टायमिंग सारखं ठेवा, ब्रेक बंद करा. फेलसेफ लावल्याशिवाय होडी पाण्यात नेऊच नका: रिमोट बंद केल्यावर दोन्ही मोटरी थांबल्या पाहिजेत, हे प्रॉप काढून घरीच तपासता येतं.

मोटर निवडताना केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला फेरे) गुणिले व्होल्ट हा हिशोब करा. २००० केव्हीची मोटर १४.८ व्होल्टवर बिनभाराची २९,६०० फेरे घेते. या जातीच्या होड्यांना पंचवीस ते पस्तीस हजारांच्या दरम्यान ठेवलं की निभतं. वेगाची हाव सुटली की लोक प्रॉप मोठा लावतात. पण प्रॉपला लागणारी ताकद व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढते. ४० मिलिमीटरचा काढून ४२ चा लावला की भार सव्वापटीच्या वर जातो. फेरे दहा टक्के वाढवले तर ताकद तिसऱ्या घाताने, म्हणजे एक-तृतीयांशाने जास्त लागते. तेवढीच ताकद हवी असेल तर व्होल्ट वाढवून कमी केव्हीची मोटर घेणं शहाणपणाचं, कारण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

दोन प्रॉप विरुद्ध दिशेने फिरवायचे तर एका मोटरीच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. पण त्या बाजूची फ्लेक्स केबलही उलट्या पिळाची हवी, नाहीतर भाराखाली पीळ उलगडतो आणि केबल नळीत फुगून अडकते. अडकलेली मोटर म्हणजे पुन्हा करंटचा लोंढा.

वेळेचं गणित पाण्यात उतरण्याआधीच करून ठेवावं. ५००० एमएएचचे दोन पॅक समांतर जोडले की दहा अँपिअर-तास होतात, त्यातले आठच वापरायचे. दोन्ही मोटरी मिळून सरासरी १२० अँपिअर ओढत असतील तर चार मिनिटं मिळतात. रिमोटवर टायमर तीन मिनिटांचा लावा. परत आल्यावर थांबलेल्या बॅटरीचा दाब सेलमागे ३.७ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, ३.५ च्या खाली असेल तर पुढच्या वेळी टायमर कमी करा. पॅकवर छापलेल्या 'सी' आकड्याच्या निम्माच खरा धरावा. पहिली फेरी अर्ध्या मिनिटाची, मग बाहेर काढून मोटर, ईएससी, कनेक्टर हाताने चाचपून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर तिथेच थांबा.

गरम लागण्याचं कारण कधी वायरीत नसतं, पाण्यात असतं. दोन्ही बाजूंच्या थंडाव्याला पाणी घेणारी तोंडं वेगळी ठेवा. एकाच नळीतून दोन्हीकडे फिरवलं तर दुसऱ्याला आधीच तापलेलं पाणी मिळतं. उन्हाळ्यात धरणं आटली की काठाला गाळ असतो आणि तो त्या बारीक तोंडात चटकन बसतो. मागून पाण्याची धार दोन्हीकडून सारखी पडते का, इकडे लक्ष असू द्या.

आपल्या भागातलं पाणी वरून शांत दिसतं, पण खाली गावं आहेत. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. पाणी ओसरलं की वेळवंडीच्या खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. तसेच बांध, दगडी ताली, झाडांचे बुंधे पाण्याखाली असतात. प्रॉप त्यावर आपटला की प्रॉप तुटतोच, शिवाय त्या क्षणी मोटर जो करंट ओढते त्यात ईएससी जातो. भरलेलं धरण आणि सकाळची वेळ हेच खरं. दुपारी वारा सुटला की लाटांवर प्रॉप हवेत येतो, मोकळा फिरतो, पुन्हा पाण्यात आदळतो आणि दर आदळण्याला करंट उसळतो. महाडच्या रस्त्यावरचं नीरा देवघर असो की वेल्ह्याचं गुंजवणी, भिंतीच्या जवळ जाऊ नका आणि आधी स्थानिकांना विचारा. पानशेत-वरसगावात मी होडी सोडत नाही. ते पाणी खडकवासल्यावाटे पुण्याच्या नळाला येतं आणि फ्लेक्स केबलचं ग्रीस त्यात सुटतंच. कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुणा दिसल्या तर लांबून फिरवा. जाळं त्यांच्या पोटाचं आहे.

होडी मध्येच बंद पडली तर पोहत आणायला जायचं नाही. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात नऱ्हे गावाजवळ पाच जणी बुडाल्या. काठ तीव्र उताराचा, खाली चिखल, पोहणाऱ्यालाही दगा देणारा. होडकंवाल्याशी आधी बोलून ठेवा, लांब दोर आणि गळाची दोरी जवळ असू द्या. होडीत फोम भरा. एक लिटर फोम साधारण एक किलो वजन उचलून धरतो, तेव्हा पाणी भरलं तरी ती वर राहील एवढा भरायचा.

त्या दिवशीचा डावा पॅक फुगला होता. मिठाच्या पाण्यात टाकून कचऱ्यात द्यायचा सल्ला मिळाला, तो मानू नये. असा पॅक बल्ब लावून सावकाश शून्यावर आणावा, टोकं टेपने बंद करून ई-कचऱ्याकडे द्यावा. चांगले पॅक घरी आल्यावर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून, पत्र्याच्या डब्यात, लाकडी फडताळापासून लांब ठेवावेत. आणि मेमधल्या उन्हात बंद गाडीत ते तासभरही सोडू नयेत.